चार नंबरचा डाग

आमच्या ह्यांच्या पाठीचा मला वीट आला होता. वीट हा चारचौघांत बोलायचा शब्द झाला. मनातल्या मनात मी त्याला किळसच म्हणत असे, आणि तसं म्हणताना मला काडीचंही वाईट वाटत नसे.

पाठीची कसली किळस, असं कोणी विचारेल. पहिला घास तोंडात घालताना रोज चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी कशी फुटली, आतला गर कसा बाहेर येऊन नसेवर बसला आणि सर्जनने तो चिमट्याने कसा ओढून काढला, हे ऐकून बघा. मग सांगा येते की नाही. ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वी झालं. त्याआधी डावा पाय कमरेपासून अंगठ्यापर्यंत ठणकायचा, बसता येईना, झोपता येईना, माणूस भिंतीला डोकं टेकून रडायचा. ते मी पाहिलंय आणि ते शंभर टक्के खरं होतं. ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी चालायला लागले, ठणका गेला. गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण सर्जनने काढलेला तुकडा आम्हाला दाखवायला म्हणून छोट्या बाटलीत घालून दिला, आणि आमच्या ह्यांनी ती बाटली घरी आणली.

बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, लेकीला शाळेत मिळालेल्या ढालीच्या शेजारी, ती बाटली चार वर्षं होती. आत गढूळ पाणी आणि त्यात तरंगणारं पांढरट, चिवट काहीतरी. पाहुणा आला की चहा, आणि चहाबरोबर बाटली. "हा बघा, एवढ्याशा तुकड्याने मला जमिनीवर आणलं होतं," असं म्हणून हे ती पाहुण्याच्या नाकासमोर हलवायचे. एकदा माझ्या भाच्याच्या होणाऱ्या सासूबाईंनी हातातलं अर्धं बिस्कीट परत बशीत ठेवलं. शेवटी मी ती बाटली कचऱ्यात टाकली आणि पुसताना फुटली असं सांगितलं. दोन दिवस अबोला होता. ते दोन दिवस फार सुखाचे गेले.

बाटली गेली तरी पाठ राहिली. आमच्या घरात पाठ हे एक वेगळं माणूस होतं आणि सगळ्या गोष्टींवर त्याचं मत असे. गठ्ठा उचलायचा असला की पाठ नाही म्हणायची. माझ्या माहेरच्या कार्याला जायचं असलं की पाठ नाही म्हणायची. पत्त्यांच्या डावाला मात्र सलग चार तास बसायला तिची कधी हरकत नसे. दूधवाला, बँकेतला कारकून, बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूस, सगळ्यांना आमच्या ह्यांचे मणके तोंडपाठ झाले होते. एकदा चुकून लागलेल्या फोनवरच्या बाईला हे पंधरा मिनिटं पाठीचं सांगत होते, आणि ती बिचारी ऐकत होती.

आमची लाँड्री आहे. सासऱ्यांनी काढली, आम्ही दोघं चालवतो. पुढे काउंटर, मागे तीन मोठी मशिनं, दोन ड्रायर आणि इस्त्रीची दोन टेबलं. इस्त्रीला एक म्हातारे काका आहेत, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. दोन हॉटेलांच्या चादरी-टॉवेल येतात, एका व्यायामशाळेचे नॅपकिन येतात, बाकी आसपासच्या घरांचे कपडे. कपडे धुणाऱ्याला माणसं स्वच्छ दिसत असतील असं लोकांना वाटतं. उलट आहे. अत्तर लावून काउंटरवर येणाऱ्या माणसाच्या कॉलरचा आतला पट्टा मला माहीत असतो. खिशातून काय काय निघतं ते सांगितलं तर जेवण जायचं नाही. एकदा एका सुटाच्या खिशात कवळी निघाली, वरची, तिला सुपारीचा तुकडा चिकटलेला. मी ती धुऊन, कागदात गुंडाळून, सुटाबरोबर परत दिली. त्या गृहस्थांनी पुडी चाचपली आणि काही न बोलता निघून गेले.

काही न बोलणं हीच आमच्या दुकानाची पद्धत. डागांना आमच्याकडे नावं नाहीत, नंबर आहेत. एक म्हणजे तेलकट, दोन म्हणजे चहा-कॉफी, तीन म्हणजे रक्त, आणि शरीरातून बाहेर पडणारं बाकी जे काही असेल ते सगळं चार. कपडा घेताना चिठ्ठीवर पेन्सिलने आकडा लिहायचा आणि चिठ्ठी कपड्याला टाचायची, म्हणजे मागच्या माणसाला कळतं की कुठलं पाणी आणि कुठलं औषध. चार नंबरला एक जादा नियम होता. गिऱ्हाइकाला त्याबद्दल विचारायचं नाही, त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचं नाही, आणि कपडा परत देताना घडी अशी घालायची की डागाची जागा आतल्या बाजूला जाईल. "आपण पाहिलंच नाही असं त्याला वाटलं पाहिजे," सासरे म्हणायचे. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी हे शिकले. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली.

तर यंदाच्या थंडीच्या शेवटी शेवटी एका दुपारी मी टॉवेलांच्या घड्या घालत होते. हे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, पाठीचं पुन्हा काहीतरी वेगळंच चाललंय. ह्या वेळी दोन्ही पाय…"

मी हातातला टॉवेल टेबलावर आपटला आणि दोन्ही हात जोडले. "पाया पडते तुमच्या. आता माझ्यासमोर पाठीचं नाव काढू नका. मला शिसारी येते."

काका इस्त्री करत होते, त्यांनी मान वर केली नाही. हे "बरं" म्हणून काउंटरवर गेले. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत पुन्हा सुरू होईल. पण नाही झालं. दुसऱ्या दिवशीही नाही. पाठ एकदम गप्प झाली, आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी इतक्या मनापासून आभार मानल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवसांत ज्या गोष्टी दिसल्या त्यांचा मी सोयीचा अर्थ लावला. काउंटरच्या खुर्चीवर ह्यांची एक खास उशी असायची, मध्ये भोक असलेली, जिला हात लावला तरी हे ओरडायचे. ती उशी एक दिवस मला अडगळीत दिसली. विचारलं तर म्हणाले, "नको आता. खुर्चीच मऊ लागते." मी म्हटलं, चला, सुटलो. उजव्या पायातली चप्पल सारखी निघून पडायची आणि पाऊल फरशीवर फट्फट् आपटायचं. मी म्हणाले, "पाय उचलून चाला जरा. फरशी घासायला बाई येते." एरवी ह्यांनी अशा टोमण्याला दोन तरी परत दिले असते. काका एकदा म्हणाले, "वहिनी, मालक पायरीवर दोनदा अडखळले." मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

मग मंगळवार आला. मंगळवारी हॉटेलचा ढीग येतो. चादरी निवडताना मध्येच एका टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी ओलं हाताला लागलं. उलगडलं तर राखाडी पायजमा. त्याची नाडी तुटली होती म्हणून मीच महिन्यापूर्वी हिरवी नाडी घातली होती. पायजमा पुढून-मागून भिजलेला, काही ठिकाणी वाळून कडक झालेला, आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं. त्याला रीतसर चिठ्ठी टाचलेली होती. चिठ्ठीवर ह्यांच्या अक्षरात चारचा आकडा.

मी तो दोन बोटांत हातभर लांब धरला. खरं सांगते, परक्यांच्या चार नंबरला मी कधी नाक मुरडलं नाही. हॉटेलच्या चादरींवर जे असतं ते मी अठ्ठावीस वर्षांत मणांनी धुतलं असेल आणि धुता धुता डबाही खाल्ला असेल. पण हे घरचं होतं. ह्या पायजम्याच्या शेजारी मी झोपत होते. आणि त्याहून राग कशाचा आला तर लपवण्याचा. बायको दुकानात ढीग निवडते हे माहीत असून माणसाने हॉटेलच्या चादरींत आपली घाण सरकवून द्यावी आणि वर चिठ्ठी लावावी.

आधी वाटलं, प्यायला लागले. पत्त्यांच्या डावावरून आले तेव्हा मी पेला हुंगून पाहिला, शर्ट हुंगला. काही नाही. मग वाटलं, आळस. गादीवरून उठायचा कंटाळा, दुसरं काय. मग वाटलं, वय झालं, पुरुषांना त्या वयात होतं काहीतरी, शेजारच्या आजोबांना झालं होतं. पाठ हा शब्द मला एकदाही सुचला नाही. पाठीला मी घरातून हाकलून दिलं होतं ना.

दरम्यान हातांनी त्यांचं काम केलं. गार पाणी, चार नंबरचं औषध, अर्धा तास भिजवणं, धुणं, वाळवणं, इस्त्री. घडी घातली, डागाची बाजू आत. संध्याकाळी घरी नेऊन ह्यांच्या कपाटात वरच ठेवली आणि भाजी चिरायला बसले. विचारावंसं वाटलं का? वाटलं, पण ते पद्धतीत बसत नव्हतं, आणि त्यापेक्षा खरं म्हणजे मला ऐकायचं नव्हतं. विचारलं असतं तर हे जेवताना सगळं सांगत बसले असते, रंग, वास, वेळ, किती, कसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी कपाट उघडलं तेव्हा मी आरशासमोर वेणी घालत होते. आरशात मला ते दिसत होते. पायजम्यावर हात ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले. मग शर्ट काढला, कपाट बंद केलं आणि आम्ही दुकानात गेलो.

त्यानंतर लपवणं बंद झालं. कपडा सरळ मोरीतल्या बादलीत यायचा, चिठ्ठी टाचलेली, आकडा लिहिलेला. मी धुऊन परत ठेवायची. दोघांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी गादी बदलताना मी ह्यांच्या बाजूला चादरीखाली रबरी कापड घातलं. हे त्यावर झोपले, कापड कुरकुर वाजलं, आणि आम्ही दोघंही ते वाजलंच नाही असे पडून राहिलो. चौथ्या दिवशी मी घोरण्याचं निमित्त काढून लेकीच्या खोलीत झोपायला गेले. लेक लग्न होऊन गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. तिथे दार लावून घेतलं, हात साबणाने पुन्हा धुतले, आणि तरी बोटांना वास येतोय असं वाटत राहिलं. नवऱ्याला मी गिऱ्हाईक करून टाकलं होतं, आणि तोही गिऱ्हाइकासारखा खाली मान घालून वावरत होता. अकरा दिवस. सात पायजमे, एक पँट, दोन चादरी.

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शाळेतल्या एक बाई पडदे न्यायला आल्या. पुडकं वरच्या फळीवर होतं. ह्यांनी हात वर केला, पुडकं काढलं, वळले, आणि उजवा पाय त्यांच्याखाली दुमडला. काउंटर धरलं म्हणून पडले नाहीत. मी आतून धावत आले. हे सावरून उभे राहिले होते, बाईंना "काही नाही, काही नाही" म्हणत होते. आणि त्यांच्या पावलांभोवती फरशीवर पाणी पसरत होतं.

ह्यांनी खाली पाहिलं. "अगं, हे पाणी कुठून येतंय?" ते म्हणाले. "मशीन गळतंय का बघ."

नऊ वर्षं मी ह्या माणसाची नाटकं पाहिली होती. कुठे कण्हायचं, कुठे कमरेवर हात ठेवायचा, सगळं मला पाठ होतं. हे नाटक नव्हतं. पँट गुडघ्यांपर्यंत काळी पडली होती, अजून गरम असणार, आणि त्यांना ती कुठून भिजली हे ठाऊक नव्हतं. बाईंनी तोंड फिरवलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या.

"अहो," मी म्हणाले, "तुम्हाला कळत नाहीये?"

"काय?"

मी बोट दाखवलं. त्यांनी पँटला हात लावला आणि ओला तळवा डोळ्यांसमोर धरला.

"नाही कळत," ते हळूच म्हणाले. "खालचं काहीच कळत नाही. बसतो तिथे कापूस भरल्यासारखं वाटतं. संडासला जाऊन पुसतो, तेही कळत नाही."

"कधीपासून?"

त्यांनी तळवा शर्टला पुसला. काकांनी इस्त्री बंद केली आणि रिक्षा आणायला गेले.

हॉस्पिटलात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होती. तिने आधी दोन्ही पाय उचलायला लावले, उजवं पाऊल वर ओढायला सांगितलं. ते ओढलं जाईना, नुसतंच लोंबत राहिलं. मग एक टोचणी घेऊन ती मांड्यांच्या आतल्या बाजूने वर वर टोचत गेली. "टोचतंय?" "नाही." "इथे?" "नाही." मग तिने हातमोजा चढवला आणि कुशीवर वळायला सांगितलं. मला बाहेर जायला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी तिथेच भिंतीला चिकटून उभी राहिले. आमचे हे भिंतीवरच्या बटणांकडे बघत होते. "आवळा," ती म्हणाली. "आवळा जोरात." "आवळतोय," हे म्हणाले. तिने हात मागे घेतला आणि मोजा उलटा काढून डब्यात टाकला.

तिने नळी घातली तेव्हा पिशवी भरतच गेली. लिटरची खूण ओलांडून गेली तरी थांबेना. "ह्यांना लघवी होतच नव्हती," ती म्हणाली. "टाकी तुडुंब भरली की वरून सांडते, तेवढंच बाहेर येत होतं." तोवर पाठीचा एमआरआयचा फोटोही निघाला. जुन्या ऑपरेशनच्या जागेच्या वरची गादी फुटली होती आणि पायांकडे, मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांचा अख्खा जुडगा तिच्याखाली दाबला गेला होता. "आजच ऑपरेशन. ह्या दुखण्यात आम्ही तास मोजतो," ती म्हणाली आणि कागद पुढे ओढला. "कपडे ओले व्हायला कधीपासून लागले?"

"आजच," हे झटकन म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"अकरा दिवस," मी म्हणाले.

तिचं पेन थांबलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी धुते ते."

"मग विचारलं नाहीत त्यांना?"

सासऱ्यांची पद्धत सांगू, नंबर सांगू, घडी कशी घालायची ते सांगू? "आमच्याकडे विचारत नाहीत," एवढंच तोंडातून निघालं. आणि निघाल्यावर मलाच ते इतकं हिडीस वाटलं की परत गिळावं. ती पोर माझ्याकडे बघत राहिली. मी लोकांच्या कॉलरी आतून उलटवून बघते तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

"पहिल्या दिवशी आला असतात…" ती म्हणाली आणि लिहायला लागली.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. लेक आली, आठ दिवस राहिली, तिला मी सगळं सांगितलं नाही. दोन्ही पायांतला जडपणा उतरला. उजवं पाऊल थोडं थोडं वर यायला लागलं, पट्टा बांधला की चालता येतं. पण खालचा बधिरपणा गेला नाही, आणि नळी काढली की आतलं पाणी आतच राहतं. सर्जन म्हणाले, नसा परत जाग्या व्हायला वर्ष लागतं, दोन वर्षंही लागतात, कधी कधी होत नाहीत. किती शक्यता, असं मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले नाहीत, पण आकडाही सांगितला नाही.

घरी सोडताना नर्सने शिकवलं. दिवसातून पाच वेळा बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. पुढे हे स्वतः शिकतील, पण अजून जखम ओली आहे, वाकता येत नाही, आणि हात थरथरतात. म्हणून मी करते. हात धुवायचे, मोजे घालायचे, पुसून घ्यायचं, नळीला जेल लावायचं, सरकवायची, भांडं धरायचं. भांड्यात पहिली धार पडते तो आवाज आणि तो उबट वास मला अजून सहन होत नाही. होईल असं वाटतही नाही. ज्या बायका सांगतात की माणूस आपला असला की कशाची किळस येत नाही, त्या खोटं बोलतात, किंवा त्यांना हे करावं लागलेलं नाही. मला येते. पाचही वेळा येते. पण आता निम्मी किळस भांड्याची असते आणि निम्मी माझी. दुसरी जास्त चिकट आहे, ती मोज्यांबरोबर निघत नाही.

काल सकाळी नळी घातली, भांडं धरलं आणि वाट बघत बसले. हे छताकडे बघत होते. हॉस्पिटलातून आल्यापासून त्यांचं बोलणं मोजकं झालंय. शेजारी विचारायला आले तर "ठीक आहे" म्हणतात आणि विषय बदलतात.

"त्या दिवशी कपाटात पायजमा दिसला," ते एकदम म्हणाले. "घडी बघूनच कळलं, तुला माहीत आहे."

"हं."

"मला वाटलं, संध्याकाळी विचारशील."

"मला वाटलं, तुम्ही सांगाल."

"कसा सांगणार?" ते म्हणाले. "तू हात जोडले होतेस."

मी भांडं जरा तिरपं केलं. धार बारीक झाली होती. माफी मागावी तर अकरा दिवसांची माफी कुठल्या तोंडाने मागायची? बहुतेक माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "तू विचारलं असतंस ना, तरी मी सांगितलं नसतं. लाजच अशी वाटत होती."

किती सहज बोलले. नऊ वर्षं ह्या माणसाने राईएवढ्या दुखण्याचा डोंगर करून मला दाखवला. आणि आता खरंच डोंगर कोसळला, तर तो माझ्या अंगावर येऊ नये म्हणून आडवा हात धरत होता. मी मान डोलावली असती तर दोघांनाही सोपं गेलं असतं. पुन्हा त्यावर बोलायची वेळ आली नसती. मी नळी हळूच बाहेर ओढली, भांडं खाली ठेवलं आणि मोजे काढले.

"खोटं," मी म्हणाले. "सांगितलं असतंत. मी एकदा जरी विचारलं असतं तरी सगळं सांगितलं असतंत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला ठाऊक आहे."

ते पुन्हा छताकडे बघायला लागले. बाहेर कोणीतरी जिना उतरत गेलं, पार खालपर्यंत.

"हो," ते म्हणाले. "सांगितलं असतं."